कणी

दाणाबाजारात एकतीस वर्षं मी पोती टोचली.
परखी खुपसायची, पिळायची, ओढून काढायची,
तळहातावर सांडेल त्यावर भाव.
वजन काय, काटा सांगतो.
माल मी सांगायचो.

रंगनाथ दिवटे, टोळी नंबर नऊ,
पाटणकडचा, राहायला कोपरखैरणे,
पोतं शंभर किलोचं होतं तेव्हापासूनचा गडी.
एका सोमवारी त्याने अख्ख्या टोळीला कटिंग पाजला.
रिपोर्ट आला म्हणाला. वाईट कोलेस्टेरॉल एकशे आठ.
हे बघ, पुढं नॉर्मल छापलंय.
मीही बघितलं. नॉर्मल छापलं होतं.

सात आठवड्यांनी, मुगाच्या गाडीला टेकून,
तो हळूच खाली बसला
आणि हातातला आकडा सुटायच्या आधी
तो सुटला.

तेराव्यानंतर त्याची शर्वरी फाईल घेऊन आली.
काका, तुम्हाला कागद वाचता येतात ना?
मला पावत्या वाचता येतात, बाळ.
गेलो दोघं वाशीला, सेक्टर नऊ,
डॉक्टर खोपकर, वय माझ्या नोकरीइतकं.
तिने चष्मा वर केला, म्हणाली,
एकशे आठ हे वजन झालं.
किती कण मिळून एकशे आठ, ते यात नाही.

मी हसलो.
नको तिथं हसलो, शर्वरीने बघितलं.
पण हा तर माझा धंदा!

शंभर ग्रॅम काबुली घ्या, शंभर ग्रॅम राजगिरा.
काटा दोघांपुढे सारखाच वाकतो.
काबुली लादीवर घरंगळेल, चिमटीत येईल, मोजून होईल.
राजगिरा?
तो तागाच्या विणीत जातो, शिवणीत जातो,
चपलेच्या अंगठ्याखाली, कानाच्या पाळीमागं.
रात्री सानपाड्याला घरी शर्ट काढला
की मोरीत चार दाणे पडतात,
बायको म्हणते, आज कसला माल होता ते कळलं.

तसंच, डॉक्टर म्हणाली. बारीक, घट्ट कण.
धमनीच्या अस्तरात सहज शिरतात.
यकृत त्यांना पटकन ओळखत नाही,
म्हणून रक्तात जास्त रेंगाळतात,
रेंगाळून खवट होतात.
खवट हा शब्द माझा. तिचा इंग्रजी होता,
चार अक्षरी, मला नाकाला वास आला नाही त्याचा.

मग मोठे कण बरे का? शर्वरीने विचारलं.
मोठेही आत जातात गं. साधू कुणीच नाही.
शेवटी मोजायची ती डोकी.
एका कणावर एकच बिल्ला असतो,
अपो-बी म्हणतात त्याला,
बिल्ले मोजले की कण कळतात.

शर्वरीने पर्स उघडली,
बापाचा पितळी बिल्ला टेबलावर ठेवला. ४४१७.
डॉक्टरला कळेना हे काय.
आम्हीही सांगितलं नाही.

मग तिचं पेन कागदावर खाली सरकलं,
जिथं आम्ही दोघांनीही बघितलं नव्हतं.
ट्रायग्लिसराइड दोनशे चाळीस.
चांगलं कोलेस्टेरॉल एकतीस.
एक एवढं वर, एक एवढं खाली,
म्हणजे कण बारीक असणार, बहुतेक.
इथं खूण होती, ती म्हणाली. आवाज खाली घेऊन.

परखी मारल्याशिवाय
एक पोतं सोडलं नाही मी आयुष्यात.
रंगनाथचा कागद मात्र
वरच्या छापावर पास केला,
वर त्याचा चहा प्यालो.

आज तुर्भ्याच्या लॅबमध्ये बसलोय, उपाशीपोटी.
वजनाची नको, मोजणीची तपासणी सांगितली,
काउंटरवरच्या पोराने दोनदा विचारलं, नक्की ना?
सुई आत गेली. परखीच ती,
फक्त टोक बारीक, आणि पोतं मी.
नळी भरू लागली
आणि सवयीने माझा डावा तळहात पुढे झाला,
खोलगट, सांडेल ते झेलायला.

काका, तो हात खाली ठेवा, पोरगा म्हणाला.